मेंढ्यांनी सोडलेली जागा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. पण ही माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट आहे, आणि मावशीला तिखटमीठ लावून सांगायची सवय नाही.

मावशी फोटोग्राफर. जुन्या डोंगरी जातीच्या मेंढ्या हल्ली फारसं कुणी पाळत नाही. तशा मेंढ्या असलेल्या एका शेतकऱ्याने तिला आपणहून फोन केला. "या ना ताई. हवे तेवढे फोटो काढा."

गेल्या थंडीतली गोष्ट. ती वर पोहोचली तेव्हा दिवस कलला होता. दगडी बांधाच्या आत उतरतं कुरण. लांब लोकरीच्या, वळलेल्या शिंगांच्या मेंढ्या चरत होत्या. गळ्यातल्या घंटा किणकिणत होत्या.

शेतकरी आणि त्याची बायको बांधाबाहेरच थांबले.

"तुम्ही नाही येत?"

"तुम्ही जा," बायको म्हणाली. नजर मात्र तिने चुकवली.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. जनावरांना काही रोग तर नाही? पण एवढ्या लांब आलोच आहोत, म्हणून ती आत गेली. कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि तिला दिसलं...

कळपाच्या मधोमध थोडी जागा मोकळी होती. माणूस उभा राहील एवढी. मेंढ्या एकमेकींना खेटून होत्या, पण तिथे एकही पाय टाकत नव्हती.

मग ती जागा सरकली.

पुढच्या मेंढ्या बाजूला होत होत्या. मागच्या पुन्हा एकत्र येत होत्या. कुणीतरी गर्दीतून वाट काढत यावं तसं...

तिच्याच दिशेने.

घंटा थांबल्या.

शेवटची मेंढी बाजूला झाली. समोर नुसतं गवत.

काहीच झालं नाही.

मावशीने कळपाकडे पाहिलं. मोकळी जागा कुठेच नव्हती. बांधापलीकडे बायको तोंडावर हात धरून रडत होती.

"गेलं," शेतकरी हळूच म्हणाला.

"काय गेलं?"

"ऊन गेलं म्हटलं. निघा आता, धुकं उतरेल."

साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. सामान त्याने स्वतः तिच्या गाडीच्या डिकीत ठेवलं. मावशीसाठी पुढचं दार उघडलं.

मग मागचंही उघडलं...

क्षणभर थांबला. आणि अदबीने लावून घेतलं.

त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

परवा मावशी आमच्याकडे आली. मी सहज विचारलं, "एवढ्या लांबून एकटीच गाडी चालवत आलीस?"

ती जरा घुटमळली.

"माहीत नाही," म्हणाली.