मागची खोली

त्या बेटावर माणूस एकही राहत नाही. राहतात ती कुत्री आणि मांजरं, लोकांनी नकोशी झाली म्हणून गुपचूप आणून सोडलेली. दर रविवारी पलीकडून एक छोटी लाँच येते. तिच्यात खाण्याची पोती, औषधांची पेटी आणि पाचसहा हौशी माणसं असतात. या उपद्व्यापातून त्यांना काय मिळतं म्हणाल, तर ओरखडे आणि पिसवा!

त्यांतल्या नर्सबाई म्हणजे सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. हाताला गुण असा की चवताळलेलं मांजरही त्यांच्यापुढे गप्प बसे. दुसरे मास्तर. नजर जवळजवळ गेलेली, पण पावलांच्या आवाजावरून कुत्रं ओळखायचे. त्यांचा जीव भुऱ्या नावाच्या कुत्र्यावर. सगळे थट्टा करायचे, "मास्तर, हा वर्गात पहिला येणार बरं का!"

धक्क्यापासून पन्नास पायऱ्या वर दवाखाना होता, दवाखाना म्हणजे दोन खोल्या. मलमपट्टी केलेलं जनावर दिवसभर मागच्या खोलीत ठेवायचं आणि निघताना सोडायचं. त्या दाराला कडी फक्त बाहेरून. म्हणून लाँचचा दोर सोडायच्या आधी मास्तर दर वेळी मोठ्यानं विचारत, "बाई, मागची खोली बघितली ना?" बाई म्हणत, "बघितली, मास्तर." मगच इंजिन सुरू होई.

ऐन उन्हाळ्यातल्या एका रविवारी बाई आधीच लाँचवर जाऊन सावलीत बसल्या होत्या. चपलाही काढल्या होत्या. दुपारी भुऱ्याच्या पायाला पट्टी बांधली होती... सोडला असेल की आपण. पुन्हा पन्नास पायऱ्या चढायचं जिवावर आलं, बस्स, एवढंच. त्या म्हणाल्या, "बघितली, मास्तर."

पुढच्या रविवारी दार उघडलं, तेव्हा पाण्याचं भांडं चाटून लख्ख झालेलं होतं. दाराला आतून छातीइतक्या उंचीपर्यंत ओरखडे होते, त्यांत रक्त वाळलेलं. भुऱ्या उंबऱ्याशी पडला होता, नाक दाराच्या फटीला लावून.

बाईंनी त्याला चादरीत गुंडाळून मागच्या मागे पुरलं. तेवढ्यात मास्तर काठी टेकत आले. "भुऱ्या कुठे दिसत नाही?"

"अहो, सांगायचंच राहिलं," बाई म्हणाल्या. "बुधवारी सहलीला आलेल्या एक शिंपीणबाई घेऊन गेल्या त्याला. मला फोन केला होता त्यांनी. चांगली माणसं आहेत."

मास्तरांनी डोळे पुसले. "नशीब काढलं लेकानं! तुमचे उपकार, बाई."

त्या शब्दांनी बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर त्यांनी दार रंगवून टाकलं. पण घरी रोज ठरवायच्या, या रविवारी सांगून मोकळं व्हायचं. आणि रविवार आला की सगळे "बाई, बाई" करत भोवती जमायचे नि सांगायचं राहून जायचं.

तिसऱ्या रविवारी लाँचवर मास्तरांचा फोन वाजला. नजर नसल्यामुळे ते आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असाच फोन लावायचे.

"मी शिंपीण बोलते," बाईमाणसाचा आवाज आला. "भुऱ्या बरा आहे."

बाईंच्या हातातली पेटी खाली पडली.

"खातो का नीट?" मास्तरांना आनंद मावेना.

"खात नाही. पाणी मात्र सारखं पितो... भांडंच्या भांडं. आणि दार खरवडतो. आमची दारं उघडीच असतात, तरी खरवडतो." मग आवाज म्हणाला, "त्याला तिकडेच यायचंय. पुढच्या रविवारी पाठवते."

पुढच्या रविवारी पलीकडच्या धक्क्यावर कुत्रं घेऊन कुणीच आलं नाही. लाँच तशीच निघाली, तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला. पण बेटावर उतरल्या उतरल्या मास्तर खाली वाकले आणि हवेत हात फिरवू लागले. "आलास का रे... केवढा वाळलास! आणि नखं कुठे गेली तुझी?"

बाकीचे एकमेकांकडे बघून हसले. म्हातारा भ्रमला, दुसरं काय.

"बाई," मास्तर हळूच म्हणाले, "तो तुमच्याच मागे चाललाय बघा."

दिवसभर बाईंच्या पोटरीला काहीतरी गार, ओलसर लागत होतं. शेवटी त्यांना राहवेना. "मास्तर, त्या दिवशी मी..."

"तुमच्यासारखं माणूस मिळणार नाही, बाई," मास्तर म्हणाले. बाई वाकून पेटीत बाटल्या भरू लागल्या.

दिवस कलला, अंधारू लागलं. सगळे खाली उतरले, बाईंची पिशवीही फोनसकट लाँचवर गेली. बाई मात्र मागच्या खोलीत गेल्या. आता त्या दर वेळी न चुकता बघायच्या. सकाळी काठोकाठ भरलेलं भांडं कोरडं ठणठणीत होतं. ते उचलायला त्या वाकल्या आणि मागे दार लागलं. बाहेरची कडी सरकली.

बाई दारावर आपटल्या, ओरडल्या. वरच्या झरोक्यातून धक्क्यावरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं, पण बाईंचा आवाज खाली कुणालाच ऐकू जाईना.

"बाई," खाली मास्तरांनी नेहमीसारखं विचारलं, "मागची खोली बघितली ना?"

"बघितली, मास्तर."

आवाज बाईंचाच होता. तसाच, सावलीत बसून दिलेला.

इंजिन सुरू झालं आणि हळूहळू लांब गेलं. पुढची लाँच रविवारी. बाई उंबऱ्याशी खाली बसल्या आणि पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाल्या, "मी बघितली नव्हती रे..."

थोड्या वेळानं दार कुणीतरी खरवडू लागलं. या वेळी बाहेरून.