नत्थुजींच्या दाराचं कुलूप

झड लागून चार दिवस झाले होते. शिवणवर्गातून भिजत आलेल्या मैनेनं कुलूप उघडलं, आत शिरून पदर पिळला... आणि थबकली. चूल भलत्याच कोपऱ्यात! अमरावतीच्या त्या ओळीतली दहाही घरं सारखी, एक दार चुकलं होतं. पण आपल्या किल्लीनं दुसऱ्याचं कुलूप उघडावं?

"बाई, हे घर माह्यं व्हय," मागून आवाज आला.

नवा भाडेकरू. मूर्तिजापूरचा, कुलपं दुरुस्त करणारा. नाव खुशाल, चेहरा मात्र सुतकी.

मैना लाजून चूर झाली, तरी जीभ गप्प बसेना. "कुलूपवाल्याच्या घराले असं कुलूप?"

"बाजारात नवं आलं न जी... साऱ्यायनं तेच घेतलं."

त्यानं आपली किल्ली तिच्या कुलपाला लावली. उघडलं. शेजारच्या केशरबाईचंही उघडलं. तो हसला नाही. "एका चाबीनं सारी ओळ लुटता येईन," म्हणाला.

तो दारोदार सांगत फिरला. फुकटात कुलपाचा नवा खटका बसवून देतो म्हणाला. लोक हसले, आजवर काय झालं? एकटे मैनेचे वडील, कोर्टातले पट्टेवाले नत्थुजी, तयार झाले.

"आता हे कोनालेच उघडत नाही," नवी किल्ली मैनेच्या हाती देत खुशाल म्हणाला. "मलेबी नाही."

"मंग तुमी कसे यान?"

"मागची खिडकी हाय न..."

आणि रोज दुपारी तो खिडकीच्या गजांपाशी येऊ लागला. कधी बोलायचा, कधी नुसताच उभा. मैनेचं शिवण उसवायचं, पुन्हा शिवायचं. जीव जडला, दुसरं काय!

भाद्रपदात भरदुपारी केशरबाईची सोन्याची पोत गेली. कुलूप शाबूत. ज्याला कुलपाची खोड ठाऊक, तोच चोर – साऱ्या ओळीचं एकमत झालं. पोलीस खुशालला घेऊन गेले. त्या दुपारी तो कुठं होता, हे काही केल्या तो सांगेना.

मैना एकटी चौकीत गेली. "केशरबाई बाहेर पडली तवापासून घरी येईस्तोवर ते माह्या खिडकीपाशी होते," ती म्हणाली. "रोजच असतात."

खुशाल सुटला. त्याची अब्रू वाचली, तिची गेली.

नत्थुजींनी खिडकीला फळ्या ठोकल्या. सकाळी कोर्टात जाताना मैनेला आत कोंडून कुलूप लावलं, तिचीही धरून दोन्ही किल्ल्या खिशात घातल्या.

थोड्या वेळानं ओट्यावर पावलं वाजली. मैनेनं ओळखली. बराच वेळ तो कुलपाशी झटत राहिला. तारेनंही उघडेना.

"काहून एवढं पक्कं केलं जी?" आतून तिनं विचारलं.

"तुह्या घरात चोर शिरू नये म्हणून." त्यानं हत्यारांची पेटी उघडली. "हातोडा हाय. फोडतो."

"नोका!" ती दाराला बिलगली. "फोडलं तं लोक म्हनतीन, चोरच होता. मंग मी चौकीत बोलली ते सारं खोटं..."

हातोडा पेटीत पडल्याचा आवाज झाला. मग नुसता पाऊस.

"गेले का?"

"नाही. बसलो."

"सारे पाहून राहिले असतीन..."

"पाहू दे. तुह्या बाबाले येऊ दे. आधी चाबी मागतो – मंग तुले."

मैना दाराला पाठ लावून खाली बसली. कोर्ट सुटायला अजून सहा तास होते.