दुपट्ट्याखालचा निकाल

नाचणगावात बुद्धिबळ कळणारी माणसं दोन. एक मी, आणि दुसरी जया. ती पुण्याला राहते. तिचे वडील नत्थूजी जन्मभर बैलबाजारात दलाली करत आले आणि आता घरामागे वांगी-मेथी लावतात. पटावरचा घोडा अडीच घरं चालतो हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, असा घोडा मी बाजारात उभाही राहू दिला नसता.

तरी महासंगणकाच्या सामन्यांचे निकाल नत्थूजी आधीच सांगत होते.

परदेशातल्या एका प्रयोगशाळेचा हा महासंगणक बाजारात विकत मिळणाऱ्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामांशी खेळत होता. दर आठवड्याला एक प्रोग्राम, दहा डाव. शेवटचा नंबर जयाच्या प्रोग्रामचा. तिनं आणि तिच्या भागीदारानं वर्षानुवर्षं खपून केलेला. त्याला निदान दोन गुण मिळाले तर एक मोठी कंपनी तो घेणार होती. नाहीतर भागीदार दुकान बंद करून मोकळा होणार होता. जया मानांकनांवरून गणित मांडून मला फोनवर अंदाज सांगायची. तिचे अंदाज जवळपास यायचे. नत्थूजींचे नेमके यायचे.

पद्धत बैलबाजाराची. चारचौघांत भाव बोलायचा नाही. दुपट्ट्याखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबायची. जितकी बोटं तितके गुण, नुसतं पेर दाबलं तर अर्धा. पहिल्या प्रोग्रामला दीड मिळाला, दुसऱ्याला अर्धा; दोन्ही माझ्या बोटांना सामन्याआधीच ठाऊक होते.

मी संशयी माणूस. देवळातही चपलांकडे तोंड करून उभा राहतो. जया बापाला आतली बातमी देत असावी, असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाली, "काका, बाबा माह्यासंग फोनवर जेवली का, एवढंच बोलते." सामने आधीच ठरवलेले असतील म्हणावं, तर ठरवणारा नत्थूजींना कशाला कळवील? त्यांच्या घरात फोन एकच, बटणांचा, आणि तोही त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या ताब्यात.

मग एकदा लक्षात आलं. त्यांचा उजवा हात माझ्या हातात असतो, तेव्हा डावा दुपट्ट्याच्या दुसऱ्या टोकाखाली असतो. ते टोक शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पसरलेलं.

"दलालाले दोन हात असते, भैय्याजी," नत्थूजी म्हणाले. "डाव्यात विकणारा, उजव्यात घेणारा. मी काय सांगून राह्यलो? तिकडून दाबते, इकडं देतो."

"तिकडून कोण?"

"बाजारात कोणी नाव पुसते काय?"

जयाच्या सामन्याआधीच्या दुपारी ते हात घालायला तयार नव्हते. मनकर्णाबाई अंगणात मेथी निवडत होत्या. त्याही म्हणाल्या, घरच्या पोरीचं असं पाहू नये. पण मला चोरी पकडायची होती. दुसऱ्यांच्या पोरांचे निकाल चालतात वाटतं, असा टोमणा मी मारला. नत्थूजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला.

कपड्याखाली हात आला. त्यानं माझी बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ आवळली. म्हणजे शून्य.

थोडी जयाची कणव, थोडा खोडसाळपणा. मी मूठ उघडली, समोरच्या हाताची दोन बोटं धरली आणि उलट दाबली.

तो हात थांबला.

मग त्यानं पुन्हा माझी मूठ मिटवली. मी पुन्हा दोन दाबली. बोटं गार होती, मऊ होती. कासरे ओढून पडलेले घट्टे त्यांवर नव्हते.

मी वर पाहिलं.

नत्थूजी दोन्ही हातांनी डोळे पुसत होते.

दुपट्ट्याखाली माझी दोन बोटं घट्ट दाबली गेली, सौदा पटल्यावर दाबतात तशी. मग सुटली.

निकाल आला आठ-दोन. जया फोनवर हसत होती, मध्येच रडत होती. शेवटच्या डावात महासंगणक जिंकतच आला होता म्हणाली, आणि काऊन कोणास ठाऊक, बरोबरी घेऊन मोकळा झाला.

मी पेढे घेऊन नत्थूजींकडे गेलो. त्यांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"दोन मागतले तुम्ही," ते म्हणाले. "बदल्यात काय देतो म्हटलं?"

मी म्हटलं, काहीच नाही. नुसती बोटं दाबली.

"बिनाभावाचा सौदा नसते, भैय्याजी. तुम्ही नाई बोलले, तर भाव तो लावते."

मी हसलो. घरी आलो, जेवलो, झोपही लागली.

आज सकाळी अंगणात उन्हाला बसलो होतो. गारठा होता म्हणून शाल मांडीवर ओढून हात आत घातले. घरात दुसरं कोणी नव्हतं. थोड्या वेळानं शालीखाली माझा उजवा हात कुणीतरी धरला. दाबला नाही. बैल घेण्याआधी दात चाचपतात, तसं अंगठ्यापासून एकेक बोट चाचपून पाहिलं. सावकाश, बाजार उठायला अजून वेळ असल्यासारखं.

करंगळीपर्यंत जाऊन तो हात मागे आला, आणि त्यानं दोन निवडली.