पॅनेलला घोंगडीची खोळ

डॉक्टरांनी हरणाबाईंना ऑक्सिजनची मशीन दिली आणि घरात बसून राहायला सांगितलं. मशीन त्यांनी घेतली. घरात बसतील तर त्या हरणाबाई कसल्या! नवरा, तात्याबा, जाऊन वर्ष व्हायचं होतं, मेंढरं पलूसच्या रानात बसायला निघाली होती, आणि म्हातारी हट्टाला पेटली होती.

"चार भितींत जीव तसाबी जाईल. मेंढरांमागं गेला तर बरा."

मुलगा इंद्रजित फौजेत गाड्यांची वायरिंग करून आलेला, आता साताऱ्यात कारखान्यात होता. त्यानं हात टेकले. जीपमागं ओढायची, आत एक बाज मावेल एवढी पत्र्याची गाडी बांधून घेतली. टपावर सोलरचं पॅनेल, बाजेखाली बॅटरी, दाराशी मीटर. दिवसा ऊन बॅटरी भरणार, रात्री बॅटरी मशीन चालवणार. ऊन नाही तर वीज नाही, आणि वीज नाही तर आईला श्वास नाही. मेंढरांसोबत जाणाऱ्या बहिणीकडून, मंगलकडून, त्यानं हे पाठच करून घेतलं.

फोनवर मंगल म्हणायची, "मशीन झ्याक चाललीया, दादा. उगं काळजी करतुस."

सुट्टी मिळताच तो पलूसला गेला. लेंडीखताच्या बोलीवर मेंढरं एका नांगरलेल्या रानात बसली होती. ऊन रणरणत होतं. त्यानं गाडीच्या टपाकडं पाहिलं. अख्ख्या पॅनेलला काळ्या घोंगडीची खोळ शिवली होती.

"आये, हे कुणी केलं?"

"मी. पहिल्याच दिवशी." नाकात नळी, शेजारी मशीन घरघरतेय, आणि म्हातारीच्या तोंडावर कौतुक. "एवढी मोलाची काच, उन्हात तडकंल न्हाई तर काय? आमी कोकरूबी असं उघडं टाकत न्हाई. तुझ्या बाची घोंगडी हाय ती."

इंद्रजितला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस काचेला ऊन लागलंच नव्हतं. मशीन पहिल्या रात्रीच बंद पडायला हवी होती. त्यानं मीटर पाहिला. बॅटरी भरलेली होती. वरून करंटही येत होता. "आकडा येत हुता, म्हणून मी खोळ काढली न्हाई," मंगल म्हणाली.

मीटर बिघडला असेल म्हणून त्यानं पिशवीतून आपला काढून लावला. तोच आकडा आला.

मंगलला मीटरपाशी उभं करून तो टपावर चढला. एका बाजूचे टाके कापले, घोंगडी मागं सारली. काच उन्हात लखलखली.

"दादा, शून्य झालं! बॅटरीबी!"

मशीन अडखळली. आत आईला ढास लागली.

त्यानं घोंगडी घाईघाईनं पुन्हा ओढली.

"आला, आला आकडा."

ढास थांबली.

"तुझ्या बाला डोक्यावर ऊन सोसत न्हवतं रं," आतून हरणाबाई दम खात म्हणाल्या. "असू दे झाकल्यालं."

इंद्रजितनं दाभण आणि सुतळी मागून घेतली. कड धरायला घोंगडीवर हात टेकला. वारा पडलेला होता, खाली सपाट कडक काच होती.

हाताखाली घोंगडी सावकाश वर आली. खाली गेली.

पुन्हा वर आली.

दाभणाचं टोक आत लागू नये, म्हणून त्यानं टाका अगदी वरवर घातला.