सीटी वाजेपर्यंत

रायपूरच्या अख्ख्या शंकर नगरात भुताले न घाबरणारा एकच माणूस, तो म्हणजे तुमचा हा बंडूकाका. पाल दिसली की पलंगावर चढून तुमच्या काकूले हाका मारतो, ती गोष्ट वेगळी. यशदीप, दात काढू नको, झुरळ पाहून तू कसा नाचतो ते मले माहीत आहे. पिंकी, तो मोबाईल पालथा ठेव. लाइट येईपर्यंत ऐका. गोष्ट माझ्या दोस्ताची, दयारामची. खरी आहे.

रविवार, अठरा मे दोन हजार पंचवीस. रात्रीचे पावणेदहा. सरलावहिनीच्या पोटात जळजळ होऊन राहिली होती, म्हणून दयाराम पायात स्लिपर अडकवून गेटबाहेरच्या दुकानातून इनो आणायले निघाला. नव्या रायपुरातली सोसायटी ती. रस्ते एवढे रुंद, की समोरच्या फुटपाथवरचा माणूस ओळखू येत नाही.

आता दहा दिवस मागं चला. लढाई सुरू होती. बॉम्ब पडला तर काय करायचं, त्याचा सराव सरकारनं ठेवला भिलाईत, अन् या सोसायटीवाल्यांनी नाकं मुरडली. अध्यक्ष अनंतराव म्हणे, "राजधानी आपली अन् बॉम्ब भिलाईले? काहून? आपण आपला सराव करू!" घरात तेलाचे डबे पार छताले टेकलेले, अन् तोंडी देशासाठी जान हाजिर. असे सगळे.

गुरुवारी, आठ तारखेले, रात्री दिवे बंद केले. भोंगा मोबाईलवरचा, रक्त म्हणून टमाटर सॉस. दयाराम रेल्वेत मलमपट्टी शिकलेला, म्हणून तो डॉक्टर. जखमीले लाल पट्टी, मेलेल्याले काळी. त्याच्याच गळ्यात सीटी. ती वाजली की सराव संपला, मेलेल्यानं उठायचं.

पण मरणार कोण? साहेब लोकांचे कपडे खराब होतात. मग धरलं गेटवरच्या चौकीदाराले, बुधरामले. बिचारा तिकडं उरला भागातल्या लोखंडाच्या कारखान्यात दिवसभर भट्टीपुढं भाजून आलेला. क्लबहाउसच्या पायरीवर त्याले निजवलं अन् तोंडावर सॉसची बाटली उलटी केली.

"साहब, छाती पिरावत हे," तो म्हणाला. छातीत दुखून राहिलं म्हणे.

"वा! अ‍ॅक्टिंग पाहा पठ्ठ्याची!" अनंतराव खूष. पोट्ट्यांनी रील काढले. टाळ्या पडल्या. दयारामनं त्याच्या मनगटाले काळी पट्टी बांधली अन् दम भरला, "सीटी वाजेपर्यंत उठायचं नाही. खेळ बिघडवू नको."

"हव," बुधराम म्हणाला.

तेवढ्यात कोणी ओरडलं, टीव्हीवर पाहा, दुश्मनाचं बंदर उडवलं! सगळे आत पळाले. दयारामही. रात्रभर नाचले, पेढे खाल्ले. सकाळी कळलं, बातमी खोटी.

बुधराम खरा मेला होता.

तोंडावर सॉस वाळून पापडी झालेली. नाकात मुंग्या, डोळ्याच्या कडेत मुंग्या. अन् अनंतरावांनी आधी रील पुसायले लावले, मग पोलिसाले फोन केला. "दारू पीता था," सगळे एका सुरात. पायरी फिनाइलनं धुतली, झालं. थू! हे ऐकल्यापासून माझ्या भज्याले सॉस चालत नाही.

तर अठरा तारीख. इनो घेऊन दयाराम परत फिरला अन् लाइट गेली. सारी सोसायटी काळी. वाट क्लबहाउसवरून.

आंबट वास आला. सडक्या टमाटरचा. फिनाइलच्याही वरून.

स्लिपर कशाले तरी चिकटली. सुटेना.

"साहब…"

दयाराम थिजला.

"सीटी नइ बाजिस… साहब?"

पायरीवर कोणी निजलेलं. तोंड काळं. अन् ते काळं… हलून राहिलं होतं.

लढाई थांबून आठवडा झाला होता. पण हे त्याले कोणी सांगितलं?

"पीठ अकड़ गे हे… उठंव?" पाठ आखडली म्हणे, उठू का?

सीटी दयारामच्या चाव्यांले लटकलेली. हातातच. वाजवली, तर… तो उठणार. नाही वाजवली, तर तो असाच…

दयारामनं सीटी ओठाले लावली. छातीत हवा भरली.

अन्…

फुंकलीच नाही. पळाला. एक स्लिपर तिथंच.

घरी लाइट आल्यावर सरलावहिनीनं सीटी पाहिली. भोकात लाल चिकटा, अन् त्यात मुंग्या. धुतली. सकाळी पुन्हा तसंच. उकळत्या पाण्यात टाकली. सकाळी पुन्हा तसंच. शेवटी घर सोडून नागपूरले लेकीकडे गेला तो. जाताना माझ्या हातात सीटी ठेवली. म्हणे, "बंडू, तू तर घाबरत नाही. तूच ठेव."

तेव्हापासून रोज धुतो. आज सकाळीही धुतली. ही पाहा, मेणबत्तीजवळ धरतो… अरे, मागं काहून सरकले सगळे? ती पाहा. निघाली एक मुंगी.

"मग वाजवा न, काका," पिंकी म्हणाली. "तुम्ही तर घाबरत नाही. का तो उठलेला तुम्हालेही नको आहे?"