करवा चौथची संकष्टी

“कपल टेबल एक ही बचा है, सर. आइए मॅडम!”

लतिकाने दचकून मागे पाहिलं. जिन्यात एक उंच, गोंधळलेला मुलगा उभा होता, हातात नव्या जॅकेटची पिशवी घेऊन. दोघंही एकदमच “नहीं नहीं, हम…” म्हणेपर्यंत वेटर मेन्यू घेऊन पुढे गेलासुद्धा.

दिल्लीच्या करोल बागेतलं ते गच्चीवरचं इटालियन रेस्टॉरंट लतिकाचं लाडकं. पिझ्झा छान, पास्त्यात पनीर जरा जास्तच. पण ऑफिसातून घरी जाताना वाटेवर पडायचं. आज मात्र गच्चीभर लाल साड्या, मेंदीचा वास आणि बांगड्यांची किणकिण! आश्विनातली संकष्टी आणि करवा चौथ एकाच दिवशी येतात, हे ती दरवर्षी विसरायची. पोटात कावळे ओरडत होते. ती मुकाट्याने बसली. तोही बसला… खुर्चीच्या अगदी कडेवर.

त्याचा गार्लिक ब्रेड आला, तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला.

“हो गं, चंद्र दिसल्याशिवाय कशी खाईन? दिसला की लगेच व्रत खोलते.”

“खोलत नाहीत,” समोरून आवाज आला, “सोडतात.”

“अच्छा! म्हणजे तुम्ही मराठी?”

“विश्वास. साताऱ्याचा. मानेसरला कारखान्यात इंजिनियर आहे.”

“मी लतिका. आजोबांपासून आम्ही इथलेच. आणि उपाशी माणसासमोर गार्लिक ब्रेड खाणाऱ्याने मला मराठी शिकवू नये.”

तो इतका ओशाळला, की तिला हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला म्हणून ती घटाघटा पाणी प्यायली… आणि शेजारच्या टेबलावर हाहाकार उडाला.

“हाय राम! बेटा, पानी पी लिया? अब इस बेचारे का क्या होगा?” दागिन्यांनी मढलेल्या आहुजा आंटी छातीवर हात ठेवून विचारत होत्या. नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी धरलेल्या करवा चौथला चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही चालत नाही, मग नवरा पहिला घोट पाजतो.

“आंटीजी, मेरा व्रत गणपती का है. और ये मेरे कोई नहीं हैं!”

“कोई नहीं,” विश्वासने भरल्या तोंडाने दुजोरा दिला.

पण कोणी नाही, कोणी नाही म्हणता म्हणता पुढच्या संकष्टीलाही तो आला. त्याच्या पुढच्या संकष्टीलाही. कंपनीची बस, मग मेट्रो, आणि जिन्यावर धापा टाकत, “उगवला का?” ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही. तो गार्लिक ब्रेड खायचा, ती पाणी पिऊन चंद्राची वाट बघायची. चंद्र उशिरा उगवला तर आताशा तिला राग येत नसे. प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल, दुसरं काय!

वर्ष फिरलं. पुन्हा करवा चौथ, पुन्हा गच्ची, पुन्हा आहुजा आंटी. विश्वास मात्र काट्याने टेबलावर रेघोट्या ओढत होता.

“मला चाकणच्या प्लांटवर बोलावलंय,” तो अखेर म्हणाला. “साहेबांना उद्या हो की नाही सांगायचंय. आई म्हणते, ये. घर जवळ पडेल.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “काय सांगू?”

जाऊ नकोस. एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्याच्या आईच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहणारी ती कोण? गेल्या वर्षी तिनेच सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना, कोणी नाही म्हणून?

“जा ना. मराठी तरी शुद्ध ऐकायला मिळेल,” ती हसून म्हणाली. ते हसणं तिचं तिलाच खोटं वाटलं.

“बिल्कुल,” तो इथल्या हिंदीत म्हणाला आणि मेन्यूत डोकं खुपसून बसला.

धुरकटलेल्या आभाळात चंद्राचा पत्ता नव्हता. आहुजा आंटी वाट बघून कंटाळल्या आणि इकडे वळल्या. “अरे, ये तो वही पानी वाली लडकी!” मग त्यांची नजर टेबलावर गेली. “पर आज तो गिलास वैसे का वैसा है…”

लतिकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सकाळपासून तिने पाण्याला तोंड लावलं नव्हतं. सवयीने ग्लास उचलायची, आणि तसाच खाली ठेवायची.

विश्वासने मेन्यू मिटला. ग्लासाकडे पाहिलं, मग तिच्या सुकलेल्या ओठांकडे.

“लतिका… उपास गणपतीचा आहे ना?”

“हो.”

“गणपतीला पाणी चालतं.”

“चालतं,” ती टेबलक्लॉथचा कोपरा चुरगाळत म्हणाली, “माहितीय मला.”

तेवढ्यात गच्चीवर एकच गलका झाला. समोरच्या पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर आला होता, धुरकट, तांबूस. आंटींनी चंद्र आणि मग नवरा बघायची आपली चाळणी न विचारताच लतिकाच्या हातात कोंबली. तिने आधी चंद्राला हात जोडले, मनात बाप्पाचं नाव घेतलं. मग चाळणी डोळ्यांसमोर धरली आणि हळूच विश्वासकडे वळवली… बारीक भोकांतून तो दिसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हातात तिचा ग्लास.

त्याने तो तिच्या ओठांना लावला.

“उद्या साहेबांना काय सांगशील?” एक घोट घेऊन तिने विचारलं.

“सांगेन, जमणार नाही. इथे माझं कोणीतरी आहे.”

“आणि आई?”

“तिला इथे बोलावू. पुढच्या संकष्टीला, या टेबलावर.” मग त्याने वेटरला हाक मारली. “भैया, एक गार्लिक ब्रेड… आज दोघांना मिळून.”

“देखो जी,” आहुजा आंटी नवऱ्याला कोपराने ढोसत म्हणाल्या, “कहती थी, कोई नहीं!”