पानाबाहेरचा क्लिक

एकोणीसशे नव्याण्णव साली माझं ऑफिस चिकपेटमध्ये, आमच्या कापडाच्या दुकानावरच्या खोलीत होतं. खाली थोरला भाऊ सयाजी अण्णा घाऊक साड्या विकायचा आणि वर मी वेबपेजेस बनवायचो. ही पेजेस कोण विकत घेतं आणि का, हे अण्णाला कधीच कळलं नाही. खरं सांगायचं तर काही महिने मलाही कळायचं नाही. पण माझ्याकडे एक चीज होती, तिचा मला भलता अभिमान होता. ती म्हणजे मी स्वतः लिहिलेली जावास्क्रिप्टची लायब्ररी, कुठल्याही पेजला जोडता येणारा तयार प्रोग्रॅम.

त्या काळी बाजारात दोन ब्राउझर होते आणि एकाला जे कळायचं ते दुसऱ्याला कळत नसे. माझी लायब्ररी दोघांनाही सांभाळून घ्यायची. पानावर कुठेही क्लिक झाला की तो आधी तिच्याकडे यायचा. क्लिक नेमका कुठल्या जागी झाला ते ती मोजायची, वेळेसकट त्याची नोंद करायची आणि मग त्या जागेवर जो चौकोन असेल त्याला कळवायची. ही लायब्ररी दाखवूनच मी बसवनगुडीतल्या एका नर्सिंग होमचं काम मिळवलं.

पहिल्या मजल्यावर त्यांचा दहा खाटांचा वॉर्ड होता. जिन्याजवळ नर्सचं टेबल, टेबलावर भिंतीला पाठ लावून कॉम्प्युटर, आणि त्याच भिंतीला उशा लावून डावीकडे ओळीने दहा खाटा. रुग्णाने खाटेजवळचं बटण दाबलं की पडद्यावर त्या खाटेचा चौकोन लाल व्हायचा आणि बीप सुरू व्हायचा. नर्सने चौकोनावर क्लिक केला की बीप बंद, चौकोन हिरवा. नर्सेस आधी क्लिक करायच्या आणि मग धावायच्या, कारण तो आवाज डोक्यात जायचा. घाईत त्यांचा नेम चुकायचा, म्हणून मी एक सोय करून ठेवली होती. क्लिकखाली कुठलाच चौकोन सापडला नाही, तर जी हाक चालू असेल तिलाच तो क्लिक द्यायचा. डॉक्टर त्रिविक्रम ह्या सोयीवर फार खूश झाले होते. नर्सिंग होम त्यांच्याच मालकीचं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. नऊ नंबरच्या खाटेवरचे मल्लाप्पा दुपारी गेले होते. तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं होतं आणि चाळीस सेकंदांनी ती हाक बंद झाली होती. त्यांच्याकडे मात्र कोणीही गेलं नव्हतं. वॉर्डाची जबाबदारी प्रियदर्शनी नावाच्या नर्सवर होती. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. तिने बीप बंद केला आणि जागची हलली नाही. तिला घरी बसवलं होतं आणि सोमवारी नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार जाणार होती. तक्रार गेली असती तर ती पुन्हा कुठल्याही वॉर्डात उभी राहू शकली नसती. माझ्याकडून त्यांना एवढंच लेखी हवं होतं, की प्रोग्रॅममध्ये दोष नाही.

जिन्याखाली प्रियदर्शनी माझी वाट बघत उभी होती. विजापूरकडची, तिशीची, अंगावर साधी साडी.

"अण्णा, मी औषधाच्या खोलीत इंजेक्शन भरत होते," ती मला म्हणाली; कानडी माणसं कुणाही पुरुषाला अण्णा म्हणतात. "बेल ऐकून निघाले, तर बंद झाली. मला वाटलं, दुसरी नर्स गेली. तिला वाटलं, मी गेले."

असं आधीही व्हायचं का, असं मी विचारलं.  ती म्हणाली की महिनाभर होत होतं, दुपारीच. बेल आपली आपण बंद व्हायची आणि रुग्ण शांत झोपलेला असायचा. कामाला माणसं कमी होती. त्यामुळे कोणी फार चौकशी केली नाही.

मला तिचं पटलं नाही. आपल्या लायब्ररीत खोट आहे हे कुणाला पटतं? तरी मी कामाला लागलो. माउस बदलला. दुसऱ्या ब्राउझरवर पान चालवून पाहिलं. एका चौकोनाचा क्लिक दुसऱ्यावर जातोय का, एक क्लिक दोनदा मोजला जातोय का, सगळं तपासलं. काहीच सापडेना. शेवटी मी महिन्याभराच्या नोंदी छापून घेतल्या आणि एकेक आकडा वाचायला बसलो.

माझं पान डावीकडून उजवीकडे सहाशे चाळीस ठिपके रुंद होतं. त्यामुळे क्लिकची जागा शून्य ते सहाशे चाळीसच्या आतच असायला हवी. मल्लाप्पांची हाक बंद करणारा क्लिक उणे अडतीस हजार पाचशेवर झाला होता. माउसचा बाण पडद्याबाहेर जातच नाही. अशा दहाबारा नोंदी निघाल्या, सगळ्या उणे, सगळ्या दुपारी तीन ते साडेतीनमधल्या.

आकडा बिघडलाय म्हणून मी सोडून दिलं असतं. पण आम्ही कापडवाले, मोजल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पडद्यावर एका फुटात किती ठिपके बसतात ते काढलं आणि भागाकार केला. बावन्न फूट आले. दुकानातली टेप घेऊन मी वॉर्डात गेलो आणि कॉम्प्युटरपासून भिंतीच्या कडेने मोजत निघालो. बावन्न फुटांवर नऊ नंबरची उशी होती.

उरलेल्या नोंदीही तशाच निघाल्या. प्रत्येक क्लिक ज्या खाटेची हाक होती त्याच खाटेशी झालेला. उंचीचाही आकडा होता, तो मी सर्वांत शेवटी पाहिला. मल्लाप्पांच्या तीन दिवसांत तीन हाका होत्या. पहिली जमिनीपासून चार फुटांवरून बंद झाली होती, उभ्या माणसाचा हात येतो तिथून. दुसरी तीन फुटांवरून. तिसरी दोन फुटांवरून, म्हणजे उशीच्या उंचीवरून.

कोणीतरी आधी उभं राहिलं होतं, मग बसलं होतं, मग वाकलं होतं.

बाकीच्या रुग्णांकडे एकेकदाच कोणी आलं होतं आणि ते बरे होऊन घरी गेले होते. फक्त चार नंबरच्या ठकुबाईंच्या दोन नोंदी होत्या. परवाची चार फूट, कालची तीन फूट. मला भीती वाटली, ती लपवण्यात अर्थ नाही.

ठकुबाई सत्तरीच्या, आमच्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या इथे कानडी मुलखात राहिलेल्या मराठा घरातल्या. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, दुपारी कोण येतं म्हणून.

"येते की एक अक्का," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी नुसती उभी होती. काल स्वल्प बसली. हात थंड आहे तिचा, पण झोप छान लागते बघ."

हे डॉक्टरांना कसं सांगणार? त्यांनी मलाच एखाद्या खाटेवर झोपवलं असतं. मी मला येत होतं तेवढं केलं. ती चुकलेल्या नेमाची सोय काढून टाकली आणि पानाबाहेरून येणारा प्रत्येक क्लिक नाकारायचा, पण त्याची नोंद ठेवायची, असं लायब्ररीला सांगितलं. मग दुपारी अडीच वाजता कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो. वॉर्डात फिनेलचा वास होता आणि पंखे सावकाश फिरत होते. जेवण झालेले रुग्ण झोपले होते.

तीन वाजून बारा मिनिटांनी चार नंबरचा चौकोन लाल झाला. बीप सुरू झाला.

ड्यूटीवरची नर्स खालच्या मजल्यावर गेली होती.

चाळीस सेकंद झाले. बीप चालूच राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात नाकारलेल्या क्लिकची नोंद उमटली. मग दुसरी. मग एका दमात पाच.

मी उठलो आणि चार नंबरकडे गेलो. ठकुबाई जाग्या होत्या. श्वास जोरात चालला होता, पण चालला होता. उशीजवळ स्टूल होतं, त्यावर मी बसलो आणि त्यांचा हात हातात घेतला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या पाठीमागे पाहिलं.

"उठ म्हणते तुला," त्या हळूच म्हणाल्या. "तिची जागा आहे ती."

मी उठलो नाही.

मागे वळूनही पाहिलं नाही. माझ्यात ती हिंमत नव्हती.

थोड्या वेळाने नर्स धावत वर आली. तिने बीप बंद केला, ठकुबाईंना ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. मी स्टुलावरच होतो. ठकुबाईंची मुलगी चार वाजता भेटायला आली, तेव्हा मी ती जागा तिला दिली आणि साडेपाचपर्यंत तिथून हलू नका म्हणून सांगितलं. मग टेबलाशी परत येऊन हातानेच रिपोर्ट लिहिला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की दोष माझ्या प्रोग्रॅमचा आहे, तो कुणी हात न लावता आपला आपण क्लिक करतो आणि नर्सने काहीही दाबलेलं नव्हतं. पुरावा म्हणून त्या दुपारच्या नोंदी छापून जोडल्या. त्यातल्या चार वाजेपर्यंतच्या, ठकुबाईंच्या नोंदी मी वाचल्या होत्या. पुढचं वाचायची इच्छा नव्हती.

डॉक्टर त्रिविक्रम मला वाटेल ते बोलले आणि ते मी ऐकून घेतलं. तक्रार गेली नाही. माझं पान काढून टाकलं, जुनी वायरची घंटा पुन्हा बसवली. बातमी पसरली आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतलं माझं दुसरं कामही गेलं. ठकुबाई शनिवारी घरी गेल्या. माझ्या लायब्ररीला मीच नालायक ठरवलं होतं, ह्याचं वाईट वाटलं. पण त्या पोरीची नोकरी वाचली होती.

बुधवारी सकाळी प्रियदर्शनी दुकानात आली. आभार मानायचे होते. अण्णाने तिला वर पाठवलं. कौन्सिलला दाखवायची वेळ आलीच तर असावी, म्हणून डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टची एक प्रत तिला दिली होती. तिने ती नीट वाचली होती. वॉर्डातल्या माणसांना प्रत्येक ओळ वाचायची सवय असते.

"अण्णा, ही शेवटची ओळ," ती म्हणाली. "हिच्यात खाटेचा नंबर नाही. ही हाक कुणाची?"

मी कागद घेतला. चार वाजेपर्यंतच्या सगळ्या ओळी चार नंबरच्या खाटेशी होत्या, सगळ्या नाकारलेल्या. चारनंतर आकडे बदलत गेले होते. उणे सतरा हजार. उणे तेरा हजार. उणे सहा हजार. उणे नऊशे. माणूस टेबलाकडे चालत आला तर बदलतील, तसे.

शेवटची ओळ उणे नव्हती. दोनशे बारा. पानाच्या आतली. म्हणून लायब्ररीने ती नाकारली नव्हती. नोंद पूर्ण होती: हाक बंद केली. खाटेचा रकाना रिकामा. वेळ चार वाजून वीस मिनिटं.

त्या वेळी मी त्या पडद्यासमोर बसून रिपोर्ट लिहीत होतो. उजव्या हातात पेन होतं आणि माउसला मी शिवलोही नव्हतो. मल्लाप्पांच्या आणि ठकुबाईंच्या नोंदींचं सगळं मी तिला सांगितलं आणि ह्या ओळीची उंची मोजून काढली. चार फूट, म्हणजे पहिल्या दिवसाची.

 तिने आधी माझी नाडी पाहिली. मग खाली जाऊन अण्णाच्या फोनवरून आज ड्यूटीवर येत नाही म्हणून कळवलं, वर येऊन स्टूल माझ्याशेजारी ओढून घेतलं आणि दुपार उलटेपर्यंत तिथून उठली नाही.